कंसातले वाक्य : मायाकोव्हस्कीच्या मृत्यूचे तीन निकाल

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तौलनिक साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना रशियन कवी व्लादिमिर मायाकोव्हस्की दोन तासांत आटोपावा लागतो. त्या दोन तासांचे फळ उत्तरपत्रिकांत दिसते. मायाकोव्हस्कीने आपली अखेरची कविता शाईने नव्हे, पिस्तुलाने लिहिली, अशा अर्थाचे वाक्य आम्हांला गेली अनेक वर्षे थोड्याफार फरकाने वाचायला मिळत आले आहे. विद्यार्थी ते उत्तराच्या शेवटी, ठसठशीत अक्षरांत लिहितात. आम्हीही त्याला बरे गुण देत आलो. हे वाक्य मुलांना कोठून मिळाले याचा शोध घेतला, तेव्हा ते आमच्याच टिपणांत सापडले. आम्हीच ते कधीकाळी कोठल्याशा प्रस्तावनेच्या प्रभावाखाली सांगितले होते, आणि टाळ्याखाऊ वाक्यांना असते तसे दीर्घायुष्य त्याला लाभले होते.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने वर्गात उभे राहून विचारले, "सर, हे सगळं जर त्याच्या कवितांत आधीच लिहिलेलं होतं, तर वाचणाऱ्यांपैकी कोणी त्याला थांबवलं का नाही?" वर्गात हशा पिकला. आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न मागे राहिला, आणि त्याच्या उत्तराच्या मागे लागल्यावर ध्यानात आले, की या मृत्यूविषयी आजवर तीन निकाल दिले गेले आहेत. एक राज्यसत्तेचा, एक संशयवाद्यांचा आणि एक आम्हा साहित्यवाल्यांचा. तिन्ही एकमेकांचे वैरी म्हणवतात. पण त्यांच्यात एक छुपा करार आहे. तो करार मोडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी घटना. १४ एप्रिल १९३० रोजी सकाळी सव्वादहाच्या सुमारास, मॉस्कोतील लुब्यान्का चौकाजवळच्या एका सामायिक बिऱ्हाडातल्या आपल्या कामाच्या खोलीत मायाकोव्हस्की छातीत गोळी लागून मरण पावला. वय छत्तीस. त्या सकाळी त्याच्यासोबत वेरोनिका पोलोन्स्काया ही मॉस्को आर्ट थिएटरची तरुण, विवाहित अभिनेत्री होती. साडेदहाला तिची तालीम होती. तिने नाटक सोडावे, नवऱ्याला सोडावे आणि तत्क्षणी तेथेच राहावे, असा त्याचा हट्ट होता. ती खोलीतून बाहेर पडली, दाराच्या दिशेने चार पावले गेली, आणि गोळीचा आवाज झाला. खोलीत एक पत्र निघाले. 'सर्वांना' उद्देशून, पेन्सिलीने लिहिलेले, १२ एप्रिल ही तारीख घातलेले. म्हणजे ते दोन दिवस आधीचे होते.

दुसऱ्याच दिवशी 'प्रावदा'ने तपास अधिकाऱ्याचा हवाला देऊन जाहीर केले, की आत्महत्येमागे निव्वळ खाजगी कारणे आहेत, कवीच्या सामाजिक व साहित्यिक कार्याशी त्यांचा काही संबंध नाही. शिवाय तो दीर्घ आजारातून अजून पुरता सावरलेला नव्हता. प्रेत घरात असताना, एका दिवसात, एका माणसाच्या अंतःकरणाचा हा लेखाजोखा पूर्ण झाला होता! पहिला निकाल तो हा. तो नीट वाचला तर ध्यानात येते, की त्यात दोन वेगळी विधाने एकमेकांना चिकटवलेली आहेत. एक : गोळी त्याने स्वतः झाडली. दोन : त्याच्या लेखनाचा आणि त्या लेखनाला मिळालेल्या वागणुकीचा या कृत्याशी संबंध नाही. पहिले विधान वस्तुस्थितीविषयी आहे आणि पुराव्याने तपासता येते. दुसरे विधान अर्थनिर्णयाविषयी आहे, आणि ते देण्याचा अधिकार कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला नाही. पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ या दोन विधानांच्या सांध्यात आहे. दुसरे विधान उघडच खोटे वाटल्याने लोकांनी पहिल्यावरचाही विश्वास गमावला.

हा अविश्वास वेडगळ नव्हता, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. तपासाची सूत्रे ज्या 'ओगेपेऊ' या गुप्त पोलीसदलाच्या हाती गेली, त्याचा बडा अधिकारी याकोव अग्रानोव हा मायाकोव्हस्कीच्या मित्रमंडळीत ऊठबस असलेला गृहस्थ. हाच अग्रानोव १९२१ साली पेत्रोग्रादमधील तथाकथित कटाच्या तपासावर होता, आणि त्या प्रकरणात निकोलाय गुमिल्योव्ह या कवीला गोळ्या घालण्यात आल्या होत्या. मायाकोव्हस्कीवरच्या मृत्युलेखाखाली सह्या करणाऱ्या 'कॉम्रेड मित्रां'त याच अग्रानोवचे नाव अग्रभागी होते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात प्रेताजवळ मावझर बनावटीचे पिस्तूल मिळाल्याची नोंद आहे. तपासाच्या कागदपत्रांसोबत जमा झालेले हत्यार मात्र ब्राउनिंग! तपास काही दिवसांत गुंडाळला गेला. पोलोन्स्कायाने १९३८ मध्ये लिहिलेल्या आठवणी छापून यायला १९८७ साल उजाडले. तपासाची फाइल वाचकांच्या हाती पुस्तकरूपाने पडली ती २००५ मध्ये, म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी. ज्या राज्याला एक पिस्तूल धड सांभाळता येत नाही आणि एक फाइल पाऊण शतक उघडता येत नाही, त्याच्या शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा?

या अविश्वासाला गोर्बाचोव्ह-काळाच्या अखेरीस व्हालेंतिन स्कोर्यातिन या पत्रकाराने वाचा फोडली. त्याच्या लेखांचे पुस्तक १९९८ साली आले. हत्यारातील तफावत, पेन्सिलीने लिहिलेले पत्र (मायाकोव्हस्की आपल्या फाउंटन पेनाला किती जपे, ते त्याचे परिचित जाणून होते), साक्षींतील विसंगती, गुप्त पोलिसांची तेथील वर्दळ, या सगळ्यांतून त्याने खुनाची शक्यता उभी केली. हा दुसरा निकाल. स्कोर्यातिनने बंद कपाटे उघडायला लावली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पॅरिसला जाण्याचा परवाना नाकारला गेल्यामुळे मायाकोव्हस्की खचला, ही सर्वमान्य दंतकथा तपासायला निघून, १९२९च्या शरदात त्याने असा अर्ज केल्याचाच पुरावा मिळत नाही हे त्यानेच दाखवून दिले. असा शंकेखोर अभ्यासक कोणत्याही वाङ्मयाला लाभावा.

पण शंका उपस्थित करणे आणि निकाल देणे या दोन गोष्टी आहेत. गोळी लागली तेव्हा मायाकोव्हस्कीच्या अंगात असलेला सदरा लील्या ब्रिकने जपून ठेवला होता व पुढे तो संग्रहालयाकडे आला. १९९०च्या दशकात मॉस्कोतील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी तो तपासला. नळी कापडाला टेकवून, समोरून, किंचित उजवीकडून डावीकडे गोळी झाडली गेली, झटापटीच्या खुणा नाहीत, आणि हे सारे स्वतःच्या हाताने झाडलेल्या गोळीशी जुळते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पत्राचे हस्ताक्षरही तपासले गेले. ते मायाकोव्हस्कीचेच आहे, आणि लिहिताना तो विलक्षण क्षुब्ध अवस्थेत असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले. हे तज्ज्ञ सोव्हिएत राज्य बचावायला बसलेले नव्हते. ते राज्य तोवर कोसळले होते आणि त्याचे पाप उघड करण्याला त्या दिवसांत बक्षीसच होते. हत्यारातील तफावत हा तपासयंत्रणेवरचा गंभीर आरोप आहे, आणि तो कायम राहतो. पण तो हत्येचा पुरावा होत नाही. सदरा आणि अक्षर यांना खोटे पाडणारे काही पुढे येत नाही तोवर, गोळी त्याने स्वतः झाडली हे विधान आम्ही ग्राह्य धरतो.

येथे आमचे काही स्नेही चिडतील. "म्हणजे तुम्ही स्टालिनच्या पोलिसांची तळी उचलता?" नाही. उलट आमचा आरोप असा, की हत्येचा सिद्धान्त त्या राज्यसत्तेला आणि तिच्या साहित्यिक चाकरांना सोयीचा आहे. लुब्यान्काच्या एखाद्या अनामिक मारेकऱ्याने गोळी झाडली असेल, तर त्या वर्षी मायाकोव्हस्कीशी जे जे वागले ते सगळे निर्दोष सुटतात. आणि ते कोण होते? मारेकरी नव्हेत, लेखक, समीक्षक, संपादक, प्रकाशन-अधिकारी आणि विद्यार्थी होते. म्हणजे आमच्याच जातकुळीची माणसे.

त्या चार महिन्यांची जंत्री पाहावी. १ फेब्रुवारी १९३० रोजी 'कामाची वीस वर्षे' हे त्याने स्वतः खपून मांडलेले प्रदर्शन उघडले. साहित्यसंस्थांमधली बडी मंडळी तिकडे फिरकली नाहीत. त्याच फेब्रुवारीत तो 'राप' या सर्वहारा लेखकांच्या बलाढ्य संघटनेत दाखल झाला. जुने सहकारी त्यामुळे दुरावले आणि नव्यांनी त्याला आपला मानले नाही. मार्चमध्ये मेयरहोल्डने 'स्नानगृह' हे त्याचे नोकरशाहीवरचे प्रहसन रंगभूमीवर आणले, ते पडले. ते रंगमंचावर येण्याच्या सुमारासच व्लादिमिर येर्मिलोव या 'राप'च्या समीक्षकाने 'प्रावदा'तून त्यावर हल्ला चढवला होता. नाट्यगृहात लावलेल्या घोषणाफलकांपैकी एकावर मायाकोव्हस्कीने या येर्मिलोवला टोला हाणला होता. संघटनेच्या दडपणाखाली तो फलक उतरवावा लागला. एका मासिकाने त्याचे छायाचित्र आणि अभिनंदनपर मजकूर छापला होता. वरून हुकूम आला आणि छापून झालेल्या अंकातून ते पान फाडून काढण्यात आले. ९ एप्रिलला एका अर्थशास्त्रीय संस्थेत त्याचे वाचन झाले. तुझ्या कविता आम्हांला कळत नाहीत, असे विद्यार्थ्यांनी त्याला तोंडावर सुनावले. त्यानंतर पाच दिवसांनी तो गेला.

समीक्षकांनी त्याला मारले, असे आम्ही म्हणत नाही. कोणत्याही आत्महत्येला एकच एक कारण लावणे हा उथळपणा आहे, आणि तो उलट्या दिशेने केल्याने शहाणपणाचा होत नाही. प्रेम, थकवा, आजारपण, एकाकीपणा, पूर्वीपासून असलेली ओढ, हे सगळे तेथे होते. पण 'साहित्यिक कार्याशी संबंध नाही' या सरकारी वाक्याचे खंडन त्या पत्रातच आहे. आई, बहिणी, लील्या, पोलोन्स्काया यांच्याविषयी लिहून झाल्यावर, शासनाने त्यांची सोय पाहावी अशी विनंती करून झाल्यावरही या माणसाला येर्मिलोव आठवतो. तो फलक उतरवला याची हळहळ वाटते, भांडण पुरते भांडून घ्यायला हवे होते, असा निरोप तो त्याला धाडतो. मरणाच्या दारात ज्याला समीक्षकाशी अर्धे राहिलेले भांडण आठवते, त्याच्या मृत्यूचा साहित्याशी संबंध नाही? हद्दपारीत असलेल्या त्रोत्स्कीने मे १९३०मध्येच या सरकारी वाक्यावर बोट ठेवले होते. आत्महत्या झाली हे त्याने नाकारले नाही. तिला खाजगी ठरवणे नाकारले. भांडण नेमके येथे होते. 'कोणी झाडली' या प्रश्नाने नंतर ते भांडण गिळून टाकले.

आणखी एक नुकसान. याच राज्याने माणसे मारली, हे निर्विवाद आहे. मेयरहोल्डला २ फेब्रुवारी १९४० रोजी गोळी घालण्यात आली. मान्देल्श्ताम डिसेंबर १९३८मध्ये छावणीच्या वाटेवर गेला. मायाकोव्हस्कीचा जुना सहकारी त्रेत्याकोव्ह १९३७ साली संपवला गेला. अग्रानोवलाही १९३८मध्ये त्याच्याच खात्याने गोळी घातली. ज्यांना मारले त्यांना मारले म्हणावे. प्रत्येक मृत्यू त्याच यादीत घातला, की यादीचे वजन वाढत नाही, कमी होते. आणि माणसाला हात न लावता त्याचे जगणे अशक्य करण्याची जी दुसरी, अधिक सभ्य रीत असते, तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. ती रीत सोव्हिएत संघाबरोबर संपली असे कोणी मानत असेल, तर त्याने कोणत्याही भाषेतल्या साहित्यसंस्थांच्या बैठकांना हजेरी लावावी.

आता तिसरा निकाल, आमचा. १९३०मध्ये लिहिलेल्या आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ निबंधात रोमान याकोबसनने आपल्या पिढीने कवी कसे उधळून टाकले याचा हिशेब मांडला. तो मायाकोव्हस्कीचा मित्र होता. आत्महत्येची कल्पना त्याच्या कवितेत अगदी तरुण वयापासून कशी येत राहते, हे त्याने दाखवले. निबंध थोर आहे, शोकाच्या पहिल्या भरात लिहूनही त्याची दृष्टी ढळलेली नाही. कवितेचा कवीच्या जगण्याशी संबंध नसतो असे म्हणणाऱ्यांना त्याने दिलेले उत्तर आजही वाचावे. पण त्याच निबंधात त्याने पुनरुत्थानाची दुसरी कल्पनाही तितक्याच काळजीने मांडली आहे. 'याविषयी' या १९२३च्या दीर्घ काव्यात भविष्यातल्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्याला पुन्हा जिवंत करावे म्हणून मायाकोव्हस्की गयावया करतो. मरणाविषयी जितके, तितकेच, किंबहुना अधिक हट्टाने, तो पुन्हा जगण्याविषयी लिहितो. याकोबसनच्या निबंधातील पहिले सूत्र उचलून दुसरे टाकून देण्याचे काम त्याने केले नाही. ते नंतरच्यांनी केले, आणि टिपणे सांगताना आम्ही केले.

अशा वाचनातील दोष अगदी साधा आहे. ते शेवटाकडून सुरुवातीकडे चालते. १९१५ सालच्या कवितेत बंदुकीच्या गोळीचा उल्लेख आहे, आणि १९३०मध्ये गोळी झाडली गेली; मधली पंधरा वर्षे जणू गोळीचा प्रवास! त्या पंधरा वर्षांत त्याने जाहिरातींसाठी ओळी लिहिल्या, भित्तिचित्रे रंगवली, चित्रपटांत काम केले, अमेरिका पाहिली, जुगार खेळला, मुलांसाठी कविता लिहिल्या. तो १९३०मध्ये वाचला असता, तर त्याच ओळींना आम्ही 'तारुण्यसुलभ निराशा' म्हटले असते, आणि तीही तितक्याच आत्मविश्वासाने. जे वाचन दोन विरुद्ध शेवटांना सारखेच लागू पडते, त्याला पुरावा म्हणत नाहीत.

याचा बोलका दाखला त्या पत्रातच आहे. प्रेमाची नौका रोजच्या जगण्यावर आदळून फुटली, या आशयाच्या ज्या ओळी जगभर उद्धृत होतात, त्या पत्रासाठी लिहिलेल्या नव्हेत. अपुऱ्या राहिलेल्या एका कवितेच्या मसुद्यात त्या आधीच होत्या. मसुद्यात हिशेब चुकता झाल्याची भाषा एका व्यक्तीला उद्देशून आहे. पत्रात एक शब्द बदलून तो हिशेब आयुष्याशी लावला आहे. म्हणजे प्रेमभंगाच्या कवितेचा तुकडा एका भयंकर दिवशी दुसऱ्या कामाला घेतला गेला. आपण मात्र त्या तुकड्याला भविष्यवाणी मानतो, कवितेतून मृत्यू उगवला असे म्हणतो; प्रत्यक्षात मृत्यूने कविता ओढून घेतली. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांच्या नजरेतून एवढा पाठभेद सुटावा, याचा आम्हांला संकोच वाटतो.

आणि या निकालाविरुद्ध सर्वांत मोठा साक्षीदार खुद्द मायाकोव्हस्की आहे. डिसेंबर १९२५मध्ये सेर्गेई येसेनिन लेनिनग्रादच्या एका हॉटेलात मृतावस्थेत सापडला. त्याने मागे ठेवलेली आठ ओळींची कविता देशभर पसरली. तिचे अनुकरण करणारे निघाले. येसेनिनची निष्ठावान मैत्रीण गालिना बेनिस्लाव्स्काया हिने वर्षभराने, डिसेंबर १९२६मध्ये, त्याच्या कबरीपाशी स्वतःला संपवले. त्या लाटेपुढे उभे राहण्यासाठी मायाकोव्हस्कीने १९२६ साली येसेनिनवर कविता लिहिली, आणि ती कशी घडवली याची हकीकत 'कविता कशा करतात' या निबंधात सांगितली. येसेनिनच्या शेवटच्या ओळींचा परिणाम हेतुपुरस्सर निकामी करायचा, मरणाच्या सोप्या सौंदर्याऐवजी दुसरे सौंदर्य उभे करायचे, हे त्याने आपले काम मानले होते. सुमारे तीन महिने तो त्या कवितेशी झटला. कवीच्या मृत्यूला वाचक कवितेप्रमाणेच वाचतात आणि त्याचे अनुकरण करतात, हे आमच्यापैकी कोणाच्याही आधी त्याला कळले होते.

चार वर्षांनी तोही त्याच वाटेने गेला, म्हणून त्याचा युक्तिवाद खोटा ठरला, असे म्हणतात. युक्तिवाद मांडणारा हरला म्हणून युक्तिवाद हरत नाही. बुडणाऱ्याने पोहण्याविषयी दिलेला इशारा अधिकच ऐकण्याजोगा असतो. आणि हा इशारा त्याने शेवटपर्यंत मागे घेतला नाही. पत्रात आई, बहिणी आणि सहकारी यांची क्षमा मागताना, हा काही मार्ग नव्हे, असे म्हणून तो एक कंस उघडतो, आणि इतरांना मी हे सुचवणार नाही, अशा आशयाचे वाक्य त्यात घालतो. मूळ रशियनमध्ये अवघे तीन शब्द. आमच्या टिपणांत नौकेच्या ओळी होत्या, येर्मिलोव नव्हता आणि कंसही नव्हता. सरकारी निकालात कंस नाही. हत्येच्या सिद्धान्तात तर पत्रच संशयास्पद, मग कंसाला कोण विचारतो? तीन निकालांचा छुपा करार आम्ही म्हणतो तो हाच. तिन्ही निकाल, मरणाऱ्याने जिवंत माणसांना उद्देशून जे सांगितले, तेवढे नेमके वगळतात. राज्याला प्रकरण मिटवायचे असते, संशयवाद्याला मारेकरी हवा असतो, समीक्षकाला शेवटचा चरण हवा असतो. जिवंत वाचकांची काळजी त्या कंसाखेरीज कोणीच घेतलेली नाही.

जिवंतांपैकी एक पोलोन्स्काया होती. मृत्यूच्या वेळी तिचे वय एकवीस. पत्रात तिचे नाव 'माझे कुटुंब' म्हणून घातले गेले, म्हणजे तिच्या संसाराची वासलात जाहीरपणे लागली. वारस ठरवताना मात्र शासनाने तिला वगळले. वारसा लील्या ब्रिक आणि आई-बहिणी यांच्याकडे गेला. रोमँटिक वाचनात ती कवीला समजू न शकलेली नटी आहे. हत्येच्या कथेत ती एक तर आमिष आहे, नाही तर काहीतरी लपवणारी साक्षीदार. त्या दिवशीच्या जबानीत आणि आठ वर्षांनंतरच्या आठवणींत तिने आपल्या नात्याविषयी वेगवेगळे सांगितले, हे खरे. नवरा आहे, समोर पोलीस आहेत, शेजारच्या खोलीत प्रेत आहे, अशा वेळी एका तरुण विवाहितेने ते नाते नाकारले, यात कटाचा वास ज्याला येतो त्याने स्त्रियांची आयुष्ये पाहिलेली नाहीत. ती १९९४ साली वारली. कोणाला दोष देऊ नका आणि कुटाळक्या करू नका, अशी विनंती त्या पत्राच्या आरंभीच आहे. चौसष्ट वर्षे तिच्या वाट्याला आल्या त्या कुटाळक्याच.

मृत्यूला 'खाजगी' म्हणून बाजूला सारणाऱ्या राज्याने पुढे त्या मृताला सार्वजनिक मालमत्ता करून टाकले, हा या कथेचा उपरोधपूर्ण उपसंहार. १९३५मध्ये लील्या ब्रिकने स्टालिनला पत्र लिहून मायाकोव्हस्कीच्या उपेक्षेची तक्रार केली. त्या पत्रावर स्टालिनने शेरा मारला, की तो सोव्हिएत युगाचा सर्वोत्तम, सर्वांत प्रतिभावान कवी होता आणि आहे. त्याच्याविषयी उदासीनता हा गुन्हा आहे. झाले! चौकांना, रस्त्यांना, शाळांना नावे लागली. पूर्वी येकातेरिना राणीच्या काळी बटाटे जसे सक्तीने लोकांच्या गळी उतरवले, तसा तो उतरवला जाऊ लागला, हा त्याचा दुसरा मृत्यू आणि त्यात त्याचा दोष नाही, अशा अर्थाचे पास्तरनाकने लिहून ठेवले आहे. पाठ्यपुस्तकात गेलेल्या कवीचे काय होते, हे आम्हांला परक्याने सांगायला नको. आमच्या विद्यार्थिदशेत जुन्या पुस्तकांच्या पथारीवर सोव्हिएत प्रकाशनांच्या इंग्रजी आवृत्त्या किलोच्या भावाने मिळत. त्यांतला मायाकोव्हस्की हाच बटाटा होता. त्याला कंटाळून आम्ही पिस्तुलवाल्या मायाकोव्हस्कीकडे वळलो. एका सक्तीतून सुटून दुसऱ्या मोहात सापडलो, इतकेच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मृत्यू वगळून मायाकोव्हस्की शिकवायचा का? अजिबात नाही. मृत्यू झाकणे हा सरकारी मार्ग झाला. घटना शिकवावी, तारखेसह शिकवावी. सदरा, अक्षर, मावझर आणि ब्राउनिंग यांच्यासह शिकवावी. शंका कशी घ्यावी आणि ती कोठे थांबवावी याचा इतका चांगला धडा दुसरा नाही. पत्र संपूर्ण वाचावे, सोयीच्या दोन ओळी नव्हेत. 'येसेनिनला' ही कविता आणि तो निबंध त्याच्याबरोबर ठेवावा. मसुद्यातील बदललेला शब्द फळ्यावर लिहावा. त्या चार महिन्यांतील परीक्षणे, फाडलेले पान, रिकामे प्रदर्शन यांची चर्चा व्हावी. आणि मृत्यूला कवितेची पदवी देणारे वाक्य उत्तरपत्रिकेत आले, तर त्याला गुण देऊ नयेत. आमच्या समोरच्या बाकांवर विशीतली मुले बसलेली असतात. त्यांतली काही कविता लिहितात, काही गप्प असतात. खरा कवी मरणाने सिद्ध होतो, हे आम्ही त्यांना मोठ्या रसिकतेने सांगतो तेव्हा आमच्या बोलण्याचा परिणाम काय होईल याची आम्हांला खात्री नसते. मायाकोव्हस्कीला येसेनिनच्या मृत्यूनंतर ती काळजी वाटली होती. तो प्राध्यापक नव्हता, तरी वाटली.

राहता राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. कवितेत आधीच लिहिलेले होते, तर कोणी थांबवले का नाही? उत्तर असे, की ते कवितेत त्या अर्थाने लिहिलेले नव्हतेच. आपण ते नंतर तेथे लिहिले. कवितेत जे होते ते शेकडो कवींच्या कवितेत असते, आणि ते बहुतेक कवी म्हातारे होऊन मरतात. जे त्या वर्षी सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, ते कवितेबाहेर होते : रिकामे दालन, फाटलेले पान, उतरवलेला फलक, 'कळत नाही' म्हणणारा वर्ग. ते वाचण्यासाठी समीक्षेची कोणतीही पद्धत लागत नव्हती. प्रदर्शनाला जाऊन यायचे होते.

१७ एप्रिलला त्याची अंत्ययात्रा निघाली. त्या तीन दिवसांत सुमारे दीड लाख लोक दर्शनाला आले असे सांगतात. फेब्रुवारीत न फिरकलेलेही त्यांत होते.